‘एचए कोटेड’ या दोन शब्दांवर खुब्याचे इम्प्लांट विकत घेऊ नका

मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

खुब्याच्या इम्प्लांटचा दांडा मांडीच्या हाडात बसतो; सिमेंटशिवाय बसवायच्या अशा अनेक टायटॅनियम दांड्यांवर हायड्रॉक्सीॲपेटाइटचा (एचए) पांढरा थर असतो. हाडातले खनिज याच जातीचे, म्हणून मांडीचे हाड त्याला धरून वाढते. पण निविदेत नुसते ‘एचए कोटेड’ लिहिले, तर चांगला थर आणि पापुद्र्यासारखा सुटणारा थर दोन्ही त्यात बसतात. मग निवड दरावरच होते. वैद्यकीय उपकरण नियम, 2017 नुसार या इम्प्लांटचा परवाना केंद्राकडेच असतो. म्हणून आपल्याकडे मागणी करतो: प्रत्येक बॅचसोबत कोटिंगचा चाचणी अहवाल सक्तीचा करा.

थर प्लाझ्मा स्प्रेने चढतो. हजारो अंश तापलेल्या झोतातून पावडर जाते, वितळते आणि धातूवर आपटून थिजते. उष्णता जास्त झाली की हायड्रॉक्सीॲपेटाइट मोडते, कॅल्शियम ऑक्साइड तयार होतो, काचेसारखा अस्फटिक भाग वाढतो. हा भाग शरीरात लवकर विरघळतो. हाडाने पकड घेण्याआधीच थर झिजू लागतो. जाड थर जास्त टिकतो, हा समजही घातक आहे. थंड होताना हा थर टायटॅनियमपेक्षा जास्त आकसतो, त्यामुळे जाडीबरोबर ताण साठतो आणि तडे जातात.

अहवालात जाडी, स्फटिकता, कॅल्शियम-फॉस्फरस प्रमाण आणि चिकटण्याची ताकद हवी. या थरासाठीच्या आयएसओ 13779-2 या आंतरराष्ट्रीय मानकात स्फटिकता किमान 45 टक्के आणि ताकद किमान 15 मेगापास्कल आहे. मात्र नुसत्या आकड्यावर विसंबू नये. या चाचणीत साधारण 25 मिमी व्यासाची कोटेड चकती दुसऱ्या चकतीला गोंदाने जोडून ओढतात. तुटल्यावर दोन्ही तोंडे पाहावीत. एकीकडे उघडा राखाडी धातू दिसला, तर थराने धातू सोडला. दोन्हीकडे पांढरे असेल, तर थर आतूनच फाटला. तुटले गोंदातच असेल, तर थराची खरी ताकद कळलेलीच नाही. थर सच्छिद्र असला की गोंद झिरपून थेट धातूला धरतो आणि आकडा फसवा चांगला येतो. म्हणून तुटलेल्या तोंडांचे फोटो अहवालात असलेच पाहिजेत. शिवाय चकती सपाट, दांडा गोलाकार. झोताचा कोन बदलला की थरही बदलतो. अधूनमधून बॅचमधला एक दांडा कापून जाडी मोजायला लावा.

शस्त्रक्रियागृहासाठीही लेखी सूचना काढा. पाकीट उघडले आणि माप जमले नाही, तर तो दांडा ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करून, पुन्हा वापरायचा नाही. वाफेने अस्फटिक भागाची रचना बदलते. थर गॉझने पुसायचा नाही, खरखरीत पृष्ठभागात धागे अडकतात.

देशात 2015 पासून मटेरिओव्हिजिलन्स, म्हणजे वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद घेणारा, कार्यक्रम आहे. दांडा सैल होऊन काढावा लागला, तर बॅच क्रमांक, किती महिन्यांनी काढला आणि थर कुठे किती उरला होता, एवढी नोंद त्या कार्यक्रमाकडे जावी, आणि नोंद होईपर्यंत काढलेला दांडा रुग्णालयाने जपून ठेवावा, असा आदेश काढावा.

आपले,
इम्प्लांट कोटिंग आणि चाचणी क्षेत्रात काम करणारे तंत्रज्ञ