खाडीचा गाळ तपासा, पण नीट

महोदय,

महाविद्यालयांच्या विज्ञान प्रदर्शनांत हळदीच्या किंवा कडुलिंबाच्या अर्काभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ दिसले, की 'औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर रामबाण' अशी पाटी लागते. नुसत्या वर्तुळावरून असे म्हणता येत नाही. तेलकट घटक आगरमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीसारख्या थरात, नीट पसरत नाहीत, म्हणून गुणकारी अर्कही निरुपयोगी वाटतो. उलट अर्क काढायला वापरलेले मिथेनॉल पुरते उडालेले नसेल तर वर्तुळ त्याचेच असू शकते.

मोजायला हवी ती जंतूंची वाढ रोखणारी किमान मात्रा. म्युलर-हिंटन या जंतू वाढवायच्या पोषक द्रवात अर्क दर नळीला निम्मा करत न्यावा. मिलिलिटरला सुमारे ५ लाख जंतू, ३५ अंश सेल्सिअस, १६ ते २० तास. अर्काशिवाय फक्त डीएमएसओ (अर्क विरघळवणारा द्रव) घातलेली एक नळी हवीच, आणि डीएमएसओचे प्रमाण १ टक्क्याच्या आत. कच्च्या अर्काने मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत वाढ थांबवली, तरच पुढे जाण्यात अर्थ आहे. मग तो तांबड्या रक्तपेशींवर तपासावा, कारण पेशी सरसकट फोडणारे पदार्थ जंतूही मारतात, पण औषध म्हणून देता येत नाहीत. प्रतिरोधक जंतू मात्र सुरक्षित प्रयोगशाळेबाहेर नेऊच नयेत.

आमच्या मते ठाणे-नवी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी वनस्पतींपेक्षा मातीतल्या ॲक्टिनोमायसीट्सकडे, म्हणजे बुरशीसारखे तंतू धरणाऱ्या जिवाणूंकडे, अधिक वळावे. १९४३चे स्ट्रेप्टोमायसिन आणि बोर्निओच्या मातीतले व्हॅन्कोमायसिन ही प्रतिजैविके, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधले बुरशीविरोधी हॅमायसिन, ही सगळी त्यांचीच देणगी. आपल्या दाराशी तर खारफुटीची खाडी आहे! वनखात्याची परवानगी घेऊन गाळ आणावा आणि सावलीत वाळवावा, म्हणजे भराभर वाढणारे जिवाणू कमी होतात. त्यातले जिवाणू वाढवायला स्टार्च-केसिन आगर निम्मे समुद्राचे पाणी घालून करावे. बुरशी रोखायला सायक्लोहेक्झिमाइड लागते; ते विषारी आहे, हातमोज्यांशिवाय हाताळू नये. थाळ्या २८ अंशांना निदान तीन आठवडे ठेवाव्यात. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या टाकल्या, तर संथ वाढणारे, म्हणजे ज्यांच्यासाठी हा खटाटोप, तेच हातचे जातात.

यानंतरची मोठी अडचण म्हणजे जुनेच रेणू पुन्हा सापडणे. ते टाळायला मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंच्या वस्तुमानावरून ते ओळखणाऱ्या यंत्रावर, लवकर पडताळणी करावी लागते आणि हे यंत्र एकेका महाविद्यालयाला परवडत नाही. ते सामायिक असावे. सोबत २० टक्के ग्लिसरॉलमध्ये, उणे ८० अंशांना जपलेला स्थानिक जिवाणूंचा संग्रहही हवा. विद्यापीठाने आणि दोन्ही महापालिकांनी यासाठी निधी द्यावा. वृत्तपत्रांनीही 'शोध' छापण्यापूर्वी किमान मात्रेचा आकडा मागावा.

— सूक्ष्मजीवशास्त्राचे काही अध्यापक, ठाणे