एसीचा खर्च तासावर मोजा

संपादक महोदय,

एप्रिल उजाडला की मुंबईत गाडीच्या एसीवरून दोन भांडणं हमखास सुरू होतात. एक घरात, 'एसीने अ‍ॅव्हरेज पार झोपलं' यावरून. दुसरं ॲप टॅक्सीत: मागून 'दादा, एसी लावा ना' आणि पुढून 'परवडत नाही, मॅडम'. कुणी म्हणतं दहा टक्के इंधन जास्त जातं, कुणी म्हणतं तीस. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. एसीचा खर्च किलोमीटरच्या हिशेबात मांडला की तो रस्त्यागणिक बदलतो. तासाच्या हिशेबात मांडला की बराचसा स्थिर राहतो.

एसीचा गॅस दाबणारा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. गाडी धावते आहे की सायनच्या सिग्नलला उभी आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. केबिनमधली उष्णता बाहेर काढायला जेवढी ताकद लागते तेवढी तो घेत राहतो. १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक एसीशिवाय नुसती चालू ठेवली तर तासाला साधारण ०.६ लिटर पेट्रोल जातं. एसीसकट हा आकडा १ ते १.२ लिटरवर पोचतो. म्हणजे ढोबळमानाने एसीचा तासाला अर्धा लिटर धरायचा. आता हाच अर्धा लिटर तीन रस्त्यांवर मांडून पाहू. पुणे एक्स्प्रेसवेवर ताशी ८० च्या वेगाने लिटरला २० किलोमीटर देणारी गाडी तासाला ४ लिटर जाळते. त्यात अर्धा मिळवला की अ‍ॅव्हरेज १७.८, म्हणजे ११ टक्के घट. शहरात ताशी २० च्या सरासरीने १५ देणारी गाडी ११ वर येते, घट २७ टक्के. आणि संध्याकाळी पश्चिम द्रुतगती मार्गावर ताशी १० ने सरकताना जी ११ देते ती ७ वर उतरते, घट ३५ टक्के. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची ग्राहकांसाठीची माहितीही कडक उन्हात, विशेषतः छोट्या फेऱ्यांत, २५ टक्क्यांहून जास्त घट होऊ शकते असं सांगते. आपल्याकडे जाहिरातीत झळकणारा मायलेजचा आकडा मात्र वर्षानुवर्षं एसी बंद ठेवून, रोलरवर घेतलेल्या चाचणीतून येत आला आहे. तो आकडा पुढे करून सर्व्हिस सेंटरवाल्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

टॅक्सीवाल्याचं घोडंही इथेच पेंड खातं. मुंबईत टॅक्स्या बहुतेक सीएनजीवर चालतात. अर्धा लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा साधारण ३५० ग्रॅम सीएनजीत असते. किलोला ८० रुपये धरले तर एसीचे तासाला २८ रुपये झाले. अंधेरी ते बीकेसी हे दहा-बारा किलोमीटर रात्री अकरानंतर वीस मिनिटांत झाले तर एसीला नऊ-दहा रुपये पडतात. तेच अंतर सकाळच्या गर्दीत तासाभराने संपलं तर २८. भाडं किलोमीटरवर बांधलेलं असेल तर हा फरक चालकाच्या खिशातून जातो, आणि मग तो काचा खाली करतो. भाडं ठरवणाऱ्यांनी एसीसाठी किलोमीटरचा दर वाढवण्यापेक्षा मिनिटाचा दर लावला तर रात्रीच्या प्रवाशाला भुर्दंड नाही आणि सकाळच्या चालकाला तोटा नाही.

मुंबईचा एसी अजून एका गोष्टीवर पेट्रोल जाळतो, ती म्हणजे हवेतलं पाणी. बाहेर ३२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असताना एक किलो हवेत, म्हणजे साधारण ८५० लिटर हवेत, २१ ग्रॅम वाफ असते. कूलिंग कॉइलवरून ती हवा १० अंशांवर येऊन बाहेर पडते तेव्हा तिच्यात साडेसात ग्रॅमच वाफ मावते. उरलेल्या साडेतेरा ग्रॅमचं पाणी होऊन गाडीखाली टपकतं. हवा नुसती थंड करायला २२ किलोज्यूल लागतात, पण त्या वाफेचं पाणी करायला ३३. म्हणजे एसीची निम्म्याहून जास्त मेहनत पाणी पिळण्यात जाते. शेजारच्या पुण्यात एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर पाणी जवळपास निघतच नाही आणि एकूण काम २९-३० किलोज्यूलवर भागतं. अंगाला चटका पुण्यात जास्त बसतो, पण बाहेरची हवा आत घेणाऱ्या एसीवरचा बोजा मुंबईत जवळजवळ दुप्पट असतो. पार्किंगमध्ये गाडीखाली जे थारोळं दिसतं ना, त्यातल्या लिटरभर पाण्यामागे कॉम्प्रेसर आणि इंजिनाची कार्यक्षमता धरून अंदाजे १०० ते १५० मिलिलिटर पेट्रोल गेलेलं असतं.

म्हणून डॅशबोर्डवरचं, गाडीच्या चित्रात गोल वळणाऱ्या बाणाचं बटण मुंबईत सगळ्यात महत्त्वाचं. ते दाबलं की आतलीच हवा पुन्हा कॉइलवरून फिरते. आत २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रता स्थिरावली की त्याच एक किलो हवेचं काम १८-१९ किलोज्यूलवर येतं, बाहेरच्या हवेच्या तुलनेत तिसरा हिस्सा. कित्येक गाड्यांत हे बटण कायम 'फ्रेश'वर असतं आणि मालक 'गॅस कमी झालाय' म्हणून गॅरेज गाठतो. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. चार माणसं बसली असतील तर बंद केबिनमध्ये कार्बन डायऑक्साइड भराभर वाढतो, डोकं जड होतं, डुलकी येते. पंधरा-वीस मिनिटांनी दोन मिनिटं बाहेरची हवा घ्यावी. पावसाळ्यात काच आतून धुरकट झाली तर एसी चालू ठेवून बाहेरची हवा काचेवर सोडायची. बाहेरून धुरकट झाली असेल तर उलटा इलाज: काच जास्त गार झालेली असते, म्हणून झोत काचेवरून खाली वळवायचा, तापमान थोडं वाढवायचं आणि एकदा वायपर मारायचा.

निळ्या-लाल नॉबबद्दलचा गैरसमज तर फारच पक्का आहे. साध्या, हाताने चालवायच्या एसीच्या बऱ्याच गाड्यांत नॉब मधोमध आणला म्हणजे कॉम्प्रेसरला आराम मिळाला असं होत नाही. आतली झडप फिरते आणि आधी गार केलेल्या हवेत हीटरची गरम हवा मिसळते. पेट्रोल तेवढंच जातं, वर गारवा वाया. अशा गाडीत नॉब पूर्ण निळ्याकडे ठेवावा आणि ब्लोअर कमी करावा. हवा हळू गेली की कॉइल लवकर गोठणबिंदूजवळ येते आणि थर्मोस्टॅट कॉम्प्रेसरचा क्लच, म्हणजे त्याला पट्ट्याशी जोडणारा भाग, सोडतो. बॉनेटजवळ उभं राहिलं तर 'टक्' असा आवाज येतो तो हाच. आरपीएम किंचित हलतो, आणि पुढचे काही सेकंद कॉम्प्रेसर थांबलेला असतो, नुसती पुली मोकळी फिरते. व्हेरिएबल (गरजेनुसार कमी-जास्त काम करणारा) कॉम्प्रेसर आणि ऑटो क्लायमेट (तापमान आपोआप राखणारा एसी) असलेल्या गाडीत असा टक् आवाज सहसा नसतो. तिथे १८ ऐवजी २४-२५ ठेवलं की बोजा खरंच उतरतो.

आता बिघाडांकडे. एसी हायवेवर मस्त आणि सिग्नलला गरम, ही तक्रार मुंबईत रोजची. दहापैकी नऊ जण लगेच गॅसवर संशय घेतात. आधी पुढचा पंखा पाहावा. कॉइलने शोषलेली उष्णता रेडिएटरच्या पुढ्यातला कंडेन्सर बाहेर टाकतो. गाडी पळत असली की वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीत सगळी भिस्त पंख्यावर. एसी लावल्यावर तो काही सेकंदांत फिरायला हवा. त्याचा रेझिस्टर किंवा रिले गेला, मोटर मंदावली, की दाब चढतो. आर-१३४ए या एसी गॅसच्या गाडीत मुंबईच्या उन्हात हाय साइडला, म्हणजे कॉम्प्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या बाजूला, २०० ते २३० पीएसआय (दाबाचं माप) ठीक. तो २९०-३०० वर गेला म्हणजे गॅस ५५-६० ऐवजी ७० अंशांवर द्रवरूप होतोय, आणि तेवढ्याच गारव्यासाठी कॉम्प्रेसर पाव हिश्शाहून जास्त ताकद ओढतोय. पंखा ठीक असेल तर कंडेन्सर बघा. बांधकामांची धूळ, पिंपळाची पानं, चिलटं असा थर जाळ्यांत बसतो, आणि वरळी-वर्सोव्यासारख्या किनाऱ्यालगत खाऱ्या वाऱ्याने ॲल्युमिनियमच्या पात्या भुगा होतात. कंडेन्सर धुवायचा तो इंजिन थंड असताना, नळाच्या साध्या पाइपने, शक्य असेल तर आतून बाहेर. वॉशिंग सेंटरचा प्रेशर जेट जवळून मारला की पात्या आडव्या होतात आणि वाट कायमची बंद होते. ग्लव्हबॉक्सच्या मागचा एसी फिल्टर तर दोन मिनिटांचं काम. दर सर्व्हिसला काढून बघावा, काळा पडला असेल तर बदलावा. झटकून परत घातलेला फिल्टर काही उपयोगाचा नाही.

काचा उघड्या की एसी, यावर फार शाई सांडते, तेवढी गरज नाही. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. त्यामुळे ताशी ५० च्या आत काचा उघड्या ठेवणं स्वस्त, आणि सागरी सेतूवर किंवा कोस्टल रोडवर ८० ने जाताना फरक इतका कमी राहतो की आरामात एसी लावावा.

उन्हात तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या एसी फुल्ल करणं मात्र महाग पडतं. आतली हवा ५५-६० अंशांपर्यंत चढलेली असते. एका बाजूची काच खाली करून पलीकडच्या बाजूचं दार पाच-सहा वेळा पंख्यासारखं हलवलं की ती बाहेर जाते. पहिली एक-दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून चालवावं, मग एसी, मग काचा बंद, मग गोल बाणाचं बटण. साहेब मीटिंगमध्ये आणि खाली चालक एसी लावून तासभर थांबलेला, याचा लिटरभर पेट्रोलचा खर्च वर आलाच आहे. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये हे बिलकूल करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही.

शेवटी गॅस, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. गाडीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय: कंडेन्सरचा कोपरा, पाइपच्या जोडातली ओ-रिंग, सर्व्हिस व्हॉल्वची पिन, कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील, नाहीतर डॅशबोर्डच्या आतली कॉइल. गळती न शोधता 'टॉपअप' केला तर महिन्या-दोन महिन्यांत परत तेच. वर कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर फिरत असतं. गॅस कमी तर तेलही परत येत नाही आणि एक दिवस कॉम्प्रेसर जाम. इंजिन बंद असताना मीटर लावून 'दाब बरोबर आहे' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ३० अंशांना आर-१३४ए असलेल्या कुठल्याही गाडीत मीटर ९५ ते १०० पीएसआयच दाखवणार, मग आत ४०० ग्रॅम असो वा २००, कारण द्रव शिल्लक असेपर्यंत दाब फक्त तापमानावर ठरतो. जास्त भरणंही तितकंच वाईट: हाय साइड चढते, गारवा घटतो, पेट्रोल वाढतं. व्हॅक्यूम न मारता, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून न काढता, भरला तर आत राहिलेली हवा कधीच द्रवरूप होत नाही, नुसती दाब वाढवते. आणि ओलावा गॅस कॉइलमध्ये सोडणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्वशी गोठून एसी मधूनमधून बंद पडतो.

बरोबर पद्धत एकच आहे. जुना गॅस मशीनमध्ये काढून वजन करायचा, गळती शोधून दुरुस्त करायची, निदान अर्धा तास व्हॅक्यूम, मग पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटं मीटरचा काटा हलतो का पाहायचं, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं वजन, छोट्या गाड्यांत साधारण ३०० ते ४५० ग्रॅम, काट्यावर मोजून भरायचं. हवेत सोडून दिलेला प्रत्येक किलो आर-१३४ए हा १,३०० किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो, म्हणून 'जुना उडवून टाकला' हे ऐकून घेऊ नये. बिलावर 'एसी गॅस' एवढंच लिहिलेलं असेल तर पैसे देण्याआधी तीन आकडे लिहून मागावेत: किती ग्रॅम निघाला, किती मिनिटं व्हॅक्यूम होता, किती ग्रॅम भरला.

आपला,
गाड्यांच्या एसीचं काम करणारा एक वाचक,
कुर्ला, मुंबई