महामारी की महासाथ?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या भागात डेंग्यूचे नऊ रुग्ण सापडले. दुसऱ्याच दिवशी एका वर्तमानपत्रात ठळक मथळा: 'डेंग्यूची महामारी'. त्या सकाळी शेजारच्या वहिनींनी धुण्याभांड्याच्या मावशींना दारातूनच परत पाठवलं, कारण मावशींच्या आळीत दोन रुग्ण होते. डेंग्यू जवळ बसल्या-उठल्यानं लागत नाही, डास चावल्यानं होतो, असं सांगून मी वहिनींच्याच मागच्या अंगणातल्या पिंपाचं झाकण काढलं. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

मी तीस वर्षं आरोग्यसेविका होते. आमच्या कामात एखाद्या गावात, वस्तीत अचानक रुग्ण वाढले की त्याला उद्रेक म्हणतात. पसारा वाढला की साथ. आणि देशोदेशी पोचली की महासाथ, म्हणजेच पॅन्डेमिक. मूळ ग्रीक शब्दांत 'पॅन' म्हणजे सर्व आणि 'डेमॉस' म्हणजे लोक. रोग किती दूरवर पसरला तेवढंच हा शब्द सांगतो. तो किती जीवघेणा आहे, ते नाही. २००९ चा स्वाइन फ्लू बहुतेकांना साध्या तापासारखा येऊन गेला (पुण्यात आपली माणसं गेली, ते दुःख आहेच), तरी जागतिक आरोग्य संघटनेनं ती महासाथ जाहीर केली. उलट २०१४ ते २०१६ या काळात इबोलानं पश्चिम आफ्रिकेत ११ हजारांहून अधिक बळी घेतले, पण ती महासाथ नव्हती.

'महामारी'त मात्र 'मारी' आहे. ऐकताक्षणी मरण डोळ्यांपुढे उभं राहतं आणि माणसं माणसांना दारं लावून घेतात. माझी आजी पटकीला, म्हणजे कॉलऱ्याला, 'मरी' म्हणायची, १९१८ च्या फ्लूच्या तापाला 'मानमोडी'. नुसतं नाव काढलं तरी तिचा आवाज खाली जायचा. अशी भीती नऊ रुग्णांच्या बातमीला का चिकटवायची? कोविडला महासाथ म्हणा, ती होतीच. गल्लीतल्या डेंग्यूला उद्रेक म्हणा, आणि बातमीच्या शेजारी आठवड्याच्या कोरड्या दिवसाची, म्हणजे साठलेलं पाणी ओतून सगळं कोरडं करायच्या दिवसाची, चौकट छापा. पिंप, कूलर, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचं टायर, सगळं त्यात येऊ द्या.

मावशींचे तीन खाडे झाले. ते पैसे कापू नका, असं मी वहिनींना सांगून आले आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, सातारा