आधी किमान तासांची अट वाचा

संपादक महोदय,

खासगी टर्बोप्रॉप विमानासाठी (टर्बाइन इंजिनावर पंखा फिरवणाऱ्या) ताशी दराची इंजिन-देखभाल योजना, म्हणजे दर उड्डाण-तासामागे ठरावीक रक्कम भरून पुढचा देखभालखर्च भागवणारा करार, घेताना मालक दरावर घासाघीस करतात; खरी मेख किमान तासांच्या अटीत असते. अट वर्षाला १५० तासांची आणि उड्डाण ९०च तास, तर न उडालेल्या ६० तासांचेही पैसे जातात. पीटी६ए या टर्बोप्रॉप मालिकेतील अनेक इंजिनांचे ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्ती) ३,६०० तासांना, हॉट सेक्शन म्हणजे ज्वलनकक्ष-टर्बाइनच्या तप्त भागाची तपासणी साधारण निम्म्यावर. म्हणजे वर्षाला ९० तासांच्या वापरात ही तपासणीच वीस वर्षांनी! उभ्या विमानाला गंज मात्र त्याआधीच धरतो, आणि नेमका तोच बहुधा योजनेतून वगळलेला असतो. दुरुस्तीकाळातले भाड्याचे इंजिन आणि काढण्या-बसवण्याची मजुरी कोणाकडे, हे लेखी घ्यावे. विक्रीनंतर योजना नव्या मालकाच्या नावे होत नसेल, तर भरलेली रक्कम बुडीत खाती.

— एक वाचक