केईएमचे १९६८ आणि आपले अतिदक्षता विभाग

महोदय,

३ ऑगस्टच्या अवयवदान दिनानिमित्तची आपली पुरवणी वाचली. तीत भारतातल्या हृदय प्रत्यारोपणाची गोष्ट थेट १९९४ च्या दिल्लीपासून सुरू होते. एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केलेली शस्त्रक्रिया यशस्वी झाली, तेव्हा तो मान त्यांचाच. पण परळच्या केईएममध्ये, महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्येच माणसाला दुसऱ्याचे हृदय बसवले होते. केपटाऊनच्या बर्नार्ड यांच्या जगातल्या पहिल्या प्रत्यारोपणाला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते! सेन यांचा रुग्ण काही तासांतच गेला. त्याच वर्षीचा दुसराही वाचला नाही. मूत्रपिंडाचा प्रयत्नही तिथेच, १९६५ मध्ये झालेला.

मग पुढची २६ वर्षे का गेली? परके हृदय शरीराने नाकारू नये म्हणून लागणारे सायक्लोस्पोरिन ऐंशीच्या दशकात हाती आले, ही एक अडचण. दुसरी कायद्याची. ठोके थांबल्याशिवाय मृत्यू धरायचाच नाही, तर चालते हृदय काढणार कुणाचे? मेंदूस्तंभाचा, म्हणजे श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या खालच्या भागाचा, मृत्यू हाही मृत्यूच, हे जुलै १९९४ च्या कायद्याने मान्य केले आणि काही आठवड्यांतच एम्सची शस्त्रक्रिया झाली.

‘छाती त हाली रायनी, मंग मरना कसा?’ (छाती तर हलते आहे, मग मेला कसा?) असे आपल्याकडे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे नातेवाईक विचारतात, त्यात त्यांचे काय चुकले? मेंदूमृत्यू ठरवण्यासाठी चार डॉक्टरांनी, किमान सहा तासांच्या अंतराने, दोनदा तपासायचे असते. व्हेंटिलेटर बाजूला करून रुग्ण स्वतःहून श्वास घेतो का, तेही पाहायचे असते. हे कुणीतरी खाटेजवळ बसून, घाई न करता सांगायला हवे.

‘इथे न्यूरोसर्जन नाही, प्रत्यारोपणाची सोय नाही’ ही सबब मात्र आता चालू नये. त्याच कायद्याच्या २०११ च्या दुरुस्तीनुसार मेंदूतज्ज्ञ नसेल तर सर्जन, फिजिशियन किंवा भूलतज्ज्ञ त्या चार डॉक्टरांच्या चमूत बसू शकतो; तो प्रत्यारोपण करणाऱ्यांपैकी नसला म्हणजे झाले. प्रत्यारोपण होत नसलेले रुग्णालयही नोंदणी करून नुसते अवयव काढून देऊ शकते. मूत्रपिंड थंड ठेवले तर जवळपास दिवसभर टिकते आणि धुळ्याहून नाशिक किंवा संभाजीनगर तीन-चार तासांचा रस्ता. (हृदयाचे गणित याहून अवघड, हे मान्य.)

सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा महामार्गांवर डोक्याला मार लागलेली तरणी माणसे धुळे-जळगावच्या अतिदक्षता विभागांत येतच असतात. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना आपण एवढेच विचारावे: दर महिन्याला किती रुग्ण मेंदूमृत घोषित झाले आणि किती कुटुंबांशी बोलणे झाले? तो आकडा जिल्हा पानावर छापावा. शून्य असेल तर शून्य छापावा.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, अमळनेर