‘शॉक लागून मृत्यू’ या चार ओळींविषयी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर ‘डीपीवर फ्यूज टाकताना शॉक लागून तरुणाचा मृत्यू’ ही चार ओळींची बातमी वाचली. तीत मृताचे वय होते, गाव होते आणि ‘परिसरात हळहळ व्यक्त होत आहे’ हे ठरलेले वाक्यही होते. मात्र तो डीपीवर, म्हणजे गावाला वीज देणाऱ्या रोहित्रावर, कोणाच्या सांगण्यावरून चढला, तो कायम कर्मचारी होता, कंत्राटदाराचा माणूस होता की आमच्या भागात ज्याला सर्रास ‘झिरो वायरमन’ म्हणतात तसा कोणाच्याच हजेरीपटावर नसलेला पोरगा होता, याबद्दल एक शब्दही नव्हता. मी परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात मुख्याध्यापक होतो, गेल्या वर्षी निवृत्त झालो. विजेचे शास्त्र मी शिकलेलो नाही. तरीही हे पत्र लिहीत आहे, कारण ही बातमी येण्याच्या चारच दिवस आधी तालुक्यातील वीज कामगार संघटनेच्या आठ-दहा सभासदांनी आमच्या शाळेत एक अख्खा रविवार घालवला होता, आणि त्या दिवशी त्यांच्याकडून जे ऐकले त्यानंतर अशी बातमी पूर्वीसारखी वाचून पान उलटणे मला जमले नाही.

शाळा उघडण्याच्या आदल्या रविवारी ही मंडळी आली, ती वर्गणीतून घेतलेले सामान आणि स्वतःची हत्यारे घेऊनच. आमच्या शाळेच्या बोअरवरील नळाला ओला हात लावला की मुंग्या येत. दोन वर्षे येत होत्या, आणि मुख्याध्यापक या नात्याने मी त्यावर काढलेला तोडगा असा होता की, लेकरांनी चप्पल घालूनच नळाजवळ जायचे. हे लिहिताना संकोच वाटतो, पण लपवण्यात अर्थ नाही. त्यांच्यातील एका ज्येष्ठ तंत्रज्ञाने नळाला टेस्टर लावला, त्यातला दिवा पेटलेला पाहिला आणि कोणाशी काही न बोलता आधी जाऊन मेन स्विच पाडला. मोटारीच्या वायरचे वेष्टण एका ठिकाणी गेलेले होते. आणि अर्थिंगची तार जिथे जमिनीत शिरत होती तिथे त्याने ती नुसती ओढली, तर ती हातभर लांबीची तार सरळ बाहेर आली. तिच्या टोकाला काहीच नव्हते. दुपारपर्यंत त्यांनी आठ फूट खोल खड्डा घेतला. वरची काळी माती पटकन निघाली, खाली मुरूम लागला तेव्हा पहार शाखेच्या अध्यक्षांनीच हाती घेतली. मग जीआय पाइप उभा करून भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले आणि मीटरशेजारी ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवला. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलवाटे पुरता परतला नाही, म्हणजे त्यातला काही भाग कोणाच्या अंगातून जमिनीत उतरतो आहे असे झाले, की हे यंत्र डोळ्याचे पाते लवण्याआत वीज तोडते, हे त्यांनी तिथेच जमलेल्या पोरांना बटण दाबून दाखवले. जाताना तो तंत्रज्ञ म्हणाला, ‘गुरुजी, उन्हाळ्यात या खड्ड्याला पाणी घालत जा. काळी माती सुकून भेगाळली की अर्थिंग नुसतं नावाला राहतं.’ उन्हाळ्यात आमच्या शाळेत प्यायलाच पाणी पुरत नाही, म्हणून खिचडी खाऊन मुले हात धुतात ते पाणी आता त्या खड्ड्याकडे वळवले आहे.

त्या दिवशी भाकरी-पिठले खाताना त्यांच्या बोलण्यात एक शब्द सारखा येत होता, तो म्हणजे परमिट. आपल्या वाचकांपैकी किती जणांना तो या अर्थाने माहीत असेल, याची शंका वाटते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. लाइनवर काम करायचे असेल तर अधिकृत कर्मचाऱ्याने उपकेंद्रातील यंत्रचालकाकडून त्या फिडरचे, म्हणजे उपकेंद्रातून त्या भागाला वीज नेणाऱ्या लाइनचे, परमिट घ्यायचे असते. यंत्रचालक ब्रेकर पाडतो, आयसोलेटर उघडतो, म्हणजे त्या लाइनची वीज तोडतो, वहीत वेळ आणि परमिट घेणाऱ्याचे नाव लिहितो, आणि ज्याने परमिट घेतले त्याच माणसाने काम संपल्याचे कळवून ते परत केल्याशिवाय वीज सोडायची नाही, असा नियम आहे. त्यानंतरही खांबावर चढण्याआधी लाइन मृत असल्याची खात्री करून, जिथे काम करायचे त्याच्या दोन्ही बाजूंना तारा जमिनीला जोडून घ्याव्या लागतात. बंद केलेल्या लाइनला पुन्हा अर्थिंग कशाला, असे मी विचारले. तेव्हा त्यांनी सांगितले की, गावात लग्न असते, मंडपवाल्याचा जनरेटर चालू असतो, जनरेटर चालू असताना घर लाइनपासून तोडणारा चेंजओव्हर स्विच बसवलेला नसतो, आणि जनरेटरची वीज घराच्या वायरिंगमधून उलटी डीपीत शिरते. अकरा हजार व्होल्टचे चारशे करणारी डीपी उलट्या दिशेने चारशेचे अकरा हजार करते. उपकेंद्रात फिडर बंद, वहीत नोंद चोख, आणि वर चढलेल्या माणसाच्या हातातली तार मात्र जिवंत.

ही सारी व्यवस्था एका गोष्टीवर उभी आहे: परमिट घेणारा आणि खांबावर चढणारा यांना एकमेकांचा ठावठिकाणा पक्का माहीत असला पाहिजे. तीच गोष्ट अनेकदा नसते, असे या कामगारांचेच म्हणणे आहे. परमिट एकाच्या नावावर, तो दुसऱ्या गावात, आणि खांबावर तिसराच. मध्ये फक्त मोबाइल, आणि त्याची रेंज आमच्याकडे कशी असते हे सांगायला नको. कंत्राटी कामगाराच्या नावावर बहुधा परमिट मिळत नाही, चढायला मात्र तोच लागतो. कायम कामगारांइतकेच हातमोजे, खांबावर स्वतःला बांधून घ्यायचा झुला आणि अर्थिंग रॉड कंत्राटी कामगारांनाही मिळावेत आणि परमिटशिवाय कोणालाही वर चढवू नये, या मागण्या त्यांच्या निवेदनात पगाराच्या मागणीच्या वर लिहिलेल्या मी स्वतः वाचल्या. ते निवेदन आपल्या तालुका प्रतिनिधीकडेही पोहोचले होते, असे ते सांगतात. छापून आलेले मी तरी पाहिले नाही.

झिरो वायरमनबद्दल मात्र संघटनेलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, आणि मी ते त्यांच्या तोंडावर सुनावले. १९६० साली स्थापन झालेल्या वीज मंडळाच्या २००५ मध्ये कंपन्या झाल्या, तरी आमच्या गावी लाइनमनला अजून ‘बोर्डाचा माणूस’च म्हणतात. त्या बोर्डाच्या माणसाकडे आज इतकी गावे आहेत की तो एका ठिकाणी असला की दुसरीकडे अंधार असतो, हे मान्य. रब्बीत रात्रपाळीची वीज येते, गव्हाला पाणी चालू असते, पेटीतला किटकॅट, म्हणजे फ्यूज, उडतो, आणि शेतकरी सकाळपर्यंत थांबायला तयार नसतो, हेही मान्य. पण गावातल्या एखाद्या चलाख पोराला हाताशी धरून ‘जरा वर जाऊन बघ रे’ म्हणण्याची सवय काही कायम कर्मचाऱ्यांनीच लावली आणि आम्ही गावकऱ्यांनी त्या पोराच्या खिशात शंभराची नोट सरकवून ती पोसली. अध्यक्षांनी हे नाकारले नाही. शाखेच्या बैठकीत यावर भांडणे होतात, एवढेच ते म्हणाले.

संपादक महोदय, ४ जानेवारी २०२३ च्या संपाच्या वेळचे अंक मी मुद्दाम वाचनालयातून काढून पाहिले. मुंबईलगतच्या भागात खासगी कंपनीने समांतर वीज वितरणाचा परवाना मागितल्याच्या विरोधात राज्यातील तीसहून अधिक संघटनांनी ७२ तासांचा संप पुकारला होता आणि सरकारशी चर्चा होऊन तो त्याच दिवशी मागेही घेतला गेला. त्या एका दिवसाला मराठी वृत्तपत्रांनी भरपूर जागा दिली, आणि ती द्यायलाच हवी होती. वीज नसली की लोकांचे हाल होतात, ही बातमीच आहे. खासगीकरणाच्या प्रश्नावर माझे मत संघटनेशी पूर्ण जुळते असेही नाही. परंतु ज्या संघटनेचे नाव आपल्या पानावर फक्त संपाच्या दिवशी येते, तिची वर्षभराची कामे आणि वर्षभराची तक्रार वाचकाला कळणार कशी? आमच्या पिढीला वीज कामगारांची चळवळ म्हटली की नागपूरचे ए. बी. बर्धन आठवतात, कारण वर्तमानपत्रे त्यांची भाषणेही छापत. लाइनमनच्या गौरवासाठी केंद्र सरकार ४ मार्चला लाइनमन दिवस साजरा करते. त्या दिवशी सत्काराचे फोटो आले, तर त्याच पानावर त्या लाइनमनच्या हातमोज्यांची स्थिती काय आहे, तेही येऊ द्यावे.

माझी विनंती मात्र लहानशी आहे. विजेच्या धक्क्याने कोणी दगावल्याची बातमी देताना आपल्या प्रतिनिधीने काही गोष्टी विचारून छापाव्यात: मृत व्यक्ती कोणाच्या नोकरीत होती, फिडरचे परमिट घेतले होते का आणि कोणाच्या नावाने, लाइनला अर्थिंग केलेले होते का. वीज कायदा २००३ च्या कलम १६१ नुसार विजेमुळे माणूसच नव्हे, जनावर दगावले तरी त्याची सूचना विद्युत निरीक्षकांना द्यावी लागते आणि त्या अपघाताची चौकशी होऊ शकते. म्हणजे या प्रश्नांची उत्तरे कोठेतरी कागदावर येण्याची सोय कायद्यानेच केलेली आहे. मृत्यूची बातमी दुसऱ्या दिवशी येते. चौकशीत काय निघाले, ही बातमी मी निवृत्त होईपर्यंतच्या आणि नंतरच्या वाचनात एकदाही पाहिली नाही. ‘शॉक लागून मृत्यू’ या शब्दांत जणू शॉक आपण होऊन आला आणि लागला, असे वाटते. तो कोणीतरी सोडलेल्या, किंवा बंद न केलेल्या, विजेचा असतो.

गेल्या महिन्यातील त्या बातमीचे कात्रण मी जपून ठेवले आहे. विद्युत निरीक्षकांचा अहवाल आला की तो त्याच पानावर, निदान चार ओळींत तरी, छापावा.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक
जि. परभणी