धर्मादायच्या टेबलावरच्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

दवाखान्यात गरीब रुग्णांना धर्मादाय सवलत मिळवून देणाऱ्या टेबलावरून या महिनाअखेरीस तुम्ही निवृत्त होताय. शाल-श्रीफळ दवाखाना देईलच. आम्ही हे पत्र उघड लिहितोय, कारण तुमच्याकडून शिकलेल्या गोष्टी आमच्यासारख्या रुग्णमदतीच्या कार्यकर्त्यांच्या चार वह्यांत पडून राहण्यापेक्षा, उद्या ज्यांच्या घरात अचानक कुणाला ॲडमिट करावं लागेल त्यांच्या हाती पडलेल्या बऱ्या.

घाबरलेल्या नातेवाइकाला सगळे विचारतात, "किती पैसे जमलेत?" तुम्ही तो प्रश्न कधीच आधी विचारला नाहीत. तुमचा पहिला प्रश्न असायचा, "पेशंट कुठल्या वॉर्डात आहे?" आणि दुसरा, "रेशनकार्ड कुठल्या रंगाचं?" पैशांचा विषय तिसरा. हा क्रम आम्हाला कळायला वेळ लागला, पण आमच्या मते अर्धी लढाई तिथेच असते.

वॉर्ड आधी का, ते लोकांना ठाऊक नसतं. बहुतेक खासगी दवाखान्यांत खोलीचा वर्ग बदलला की फक्त खाटेचं भाडं बदलत नाही. डॉक्टरांची व्हिजिट, सर्जनची फी, ओटीचा (ऑपरेशन थिएटरचा) चार्ज, बऱ्याच ठिकाणी तपासण्यांचे दरही त्या वर्गाप्रमाणे चढतात. "जनरल फुल्ल आहे, तात्पुरतं सेमी-प्रायव्हेटमध्ये घ्या" असं काउंटरवर सांगितलं जातं, नातेवाईक सही करतात आणि चार दिवसांनी धर्मादायची सवलत मागायला गेले की उत्तर येतं, "तुम्ही तर स्वतःहून पेइंगमध्ये आलात." म्हणून तुम्ही सांगायचात: जनरल बेड मागितल्याचं त्याच दिवशी कागदावर लिहून द्या, तारीख-वेळ टाका आणि पोच घ्या. दोन ओळींचा अर्ज. पण नंतर बोलायला तोच एक कागद हाती असतो.

मग धर्मादायचा हक्क. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 कक खाली, उच्च न्यायालयाने 2006 साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे, धर्मादाय दवाखान्याने 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या. बाकीच्या रुग्णांच्या बिलातले 2 टक्के निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायचे. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर निर्धन, 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. हे आकडे आम्ही आता झोपेतही सांगू. पण योजनेतलं एक वाक्य तुम्ही आम्हाला पुन्हा पुन्हा वाचायला लावलंत: औषधं, साहित्य आणि इम्प्लांट (शरीरात बसवायची उपकरणं) यांचं बिल दवाखान्याच्या खरेदी किमतीने लावायचं, छापील किमतीने नाही.

ते तुम्ही कसं समजवायचात ते इथे लिहून ठेवतो. समजा, दुर्बल घटकातल्या रुग्णाच्या बिलात औषधं, साहित्य आणि इम्प्लांट मिळून एमआरपीप्रमाणे 95 हजार लागलेत. दवाखान्याची खरेदी 58 हजारांची निघाली. या रकमेचा निदान निम्मा भाग रुग्णाने भरायचा, म्हणजे 29 हजारांपासून बोलणी सुरू होतात. तुम्ही हिरव्या पेनाने 95 वर काट मारून शेजारी 58 आणि त्याखाली 29 लिहायचात, तेव्हा समोरच्या माणसाचे खांदे खाली यायचे. ही दया नव्हे, हिशेब आहे, हे त्याला त्या क्षणी कळायचं. आणि मग तो हात जोडायचा सोडून पुढचा प्रश्न विचारायचा.

याच योजनेत आणखी एक गोष्ट आहे. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घेऊन जीव वाचवणारे उपचार द्यायचे असतात. कागद नंतर. हे वाक्य रात्री दोन वाजता काउंटरवर शांतपणे म्हणता आलं पाहिजे. आवाज चढवला की गोष्ट सुरक्षारक्षकाकडे जाते, कागदाकडे नाही. हेही तुमचंच.

कागदांबद्दल तुम्ही जेवढं बोललात तेवढं दुसऱ्या कशाबद्दलच नाही. धर्मादायला तहसीलदारांचा उत्पन्न दाखला किंवा रेशनकार्ड चालतं. नगरसेवकाचं, सरपंचाचं पत्र तिथे उपयोगाचं नाही. लेटरहेडमागे दोन दिवस पळणारी माणसं आम्ही अजून पाहतो. दाखला देण्याची मुदत 'आपले सरकार' पोर्टलच्या नियमाप्रमाणे 15 दिवसांची. तेवढ्यात पेशंट घरी गेलेला असतो. त्यामुळे तुमचा सल्ला साधा असायचा: कॉरिडॉरमध्ये तिघे बसू नका, एकाला आजच एसटीने गावाकडे पाठवा. त्याने तलाठ्याकडून उत्पन्नाचा अहवाल घ्यायचा, आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स, स्वयंघोषणापत्र जोडून सेतूत अर्ज टाकायचा आणि रुग्णाच्या ॲडमिशनचा कागद सोबत ठेवून तहसीलमध्ये तातडी असल्याचं सांगायचं. इथे अर्जाची पोच जोडून कच्चं प्रकरण उघडून ठेवायचं. दाखला आला की पक्कं.

आणि नावं. आधारवर "कुसुमबाई", रेशनवर "कुसुम", दवाखान्याच्या फाइलवर घाईत "कुसूम". सून लग्न होऊन पाच वर्षं झाली तरी तिचं नाव माहेरच्याच कार्डावर. आजारपणात हे दुरुस्त होत नाही. म्हणून ॲडमिशनच्या खिडकीवर नाव तोंडी सांगू नका, आधार पुढे करा, एवढं तरी हातात असतं. हे पत्र वाचणाऱ्यांनी आज घरातलं रेशनकार्ड काढून सगळी नावं तपासावीत. काम कंटाळवाणं आहे, पण फुकट आहे.

जन आरोग्य योजनेबद्दल लोकांच्या मनात जुनी माहिती बसलीय. महात्मा जोतिराव फुले योजनेत आता पांढरं कार्डही चालतं आणि 1 जुलै 2024 पासून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे. तरीही "आमचं कार्ड पांढरं आहे हो" म्हणून कितीतरी जण आरोग्यमित्रापर्यंत, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनीसापर्यंत, जातच नाहीत. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, दवाखाना योजनेत असतो, पण तुमच्या आजाराच्या विभागासाठी नसतो. हृदयाला मान्यता आहे म्हणून हाडालाही असेल असं नाही. "योजना आहे का?" असं न विचारता "या ऑपरेशनला, या दवाखान्यात योजना लागते का?" असं विचारायचं. दुसरं, योजनेत पूर्वमंजुरी आधी लागते. आधी खिशातून भरून मग परत मिळवू, असं इथे होत नाही. तातडीत आरोग्यमित्रामार्फत फोनवरून मंजुरीची सोय आहे, ती वापरायची. योजनेतल्या उपचारासाठी कुणी "नंतर परत मिळेल" म्हणून डिपॉझिट मागितलं, तर वाद घालत बसू नका. योजनेच्या 155388 या हेल्पलाइनला फोन करून तक्रार क्रमांक घ्या.

मुख्यमंत्री सहायता निधीचे अर्ज तुम्ही आमच्याकडून इतक्या वेळा परत लिहून घेतलेत की आता डोळे मिटून भरता येतात. उत्पन्न 1 लाख 60 हजारांच्या आत. धर्मादायपेक्षा ही मर्यादा वेगळी आहे, इथे गल्लत होते. डॉक्टरांची सही-शिक्का असलेलं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. दवाखाना खासगी असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणीकरण लागतं, आणि हाच टप्पा लोक विसरतात. अर्ज परत येतो आणि आठवडा जातो. पैसे रुग्णाला नाही, दवाखान्याच्या खात्यात जमा होतात. म्हणून डिस्चार्जनंतर अर्ज केला तर काही उपयोग नाही. जो उपचार जन आरोग्य योजनेत बसतो त्याला इथून मदत नाही. मंत्रालयात ओळख असल्याचं सांगणाऱ्या दलालाची तर मुळीच गरज नाही, अर्ज फुकट आहे.

आता बिल. अंतिम बिल हातात आल्यावर वाचायचं नसतं, रोज वाचायचं असतं, हे तुम्ही आम्हाला चहा पिता पिता शिकवलंत. दर दिवसाआड अंतरिम बिल मागायचं. न वापरलेली औषधं नर्सिंग स्टेशनवरच्या पिशवीत साठतात. ती फार्मसीला परत गेली का आणि त्याचं क्रेडिट बिलात उतरलं का, हे विचारल्याशिवाय होत नाही. सलाइनचे सेट, हातमोजे, सिरिंज यांचे आकडे दिवसांच्या संख्येने भागून पाहायचे. दिवसाला चाळीस जोड हातमोजे जनरल वॉर्डात एका रुग्णाला लागत नाहीत. इम्प्लांटच्या खोक्यावरचा स्टिकर केसपेपरला चिकटवलेला असतो. त्यावरचं नाव-बॅच आणि बिलातली नोंद एकच आहे ना, ते पाहायचं. हृदयाच्या स्टेंटवर तर 2017 पासून सरकारने कमाल किंमत ठरवलेली आहे. त्यापेक्षा जास्त लागली असेल तर तिथल्या तिथे बोलायचं. एकच तपासणी सकाळी दोनदा लागलीय का, आधीच्या भरण्याच्या पावत्या वजा झाल्यात का, डिस्चार्ज कागद दुपारपर्यंत अडकल्यामुळे आणखी एक दिवस लागलाय का. या तीन जागी तुमचं हिरवं वर्तुळ ठरलेलं. आणि प्रत्येक वेळी तुम्ही बिलिंगवाल्याला नावाने हाक मारायचात, "जरा बघ रे बाळा, इथं दोनदा पडलंय वाटतं." बाळ निमूट दुरुस्त करायचा. आमच्यापैकी कुणी तावातावाने गेलं असतं तर "सिस्टिमला आहे तसंच आहे" हे उत्तर मिळालं असतं.

विमा असलेल्यांचा तोरा तुम्ही फारसा मानत नव्हतात आणि ते बरोबरच होतं. 3 लाखांच्या जुन्या पॉलिसीत खोलीचं भाडं बऱ्याचदा विमा रकमेच्या 1 टक्क्यावर, म्हणजे दिवसाला 3 हजारांवर अडवलेलं असतं. 6 हजारांची खोली घेतली की फरक फक्त भाड्यातला कापत नाहीत, डॉक्टर आणि ओटीचे चार्जही निम्म्यावर आणतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लावता येत नाही, तरी लावलेली दिसते. ती ओळ तपासून घ्यावी. कॅशलेसमध्ये डिस्चार्जची अंतिम मंजुरी विमा कंपनीने 3 तासांत द्यायची असते.

कर्जाबद्दल तुमचं मत कडक होतं आणि ते आम्ही तसंच पुढे सांगतो. आधी वरचं सगळं, मग उरलेल्या रकमेचाच विचार. पगारी माणूस असेल तर आधी ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, आहे का विचारा. महिना 21 हजारांपर्यंत पगार असलेला आणि नोंदणी झालेला कामगार कंत्राटदाराकडे असला तरी त्यात येतो, फक्त त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं. पीएफमधून आजारपणासाठी आगाऊ काढता येतं. त्यानंतर सोनं बँकेत तारण. जमीन विकायची नाही, निदान त्या आठवड्यात नाही, कारण घाईतल्या विक्रेत्याला भाव मिळत नाही. आणि बिल थकलं म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवता येत नाही. रुग्ण हक्कांच्या सनदेतच तसं आहे. केसपेपरची प्रत मागितल्यावर 72 तासांत द्यावी लागते, तीही मागायची. पुढच्या दवाखान्यात त्याच तपासण्या पुन्हा होऊ नयेत म्हणून.

घरी गेल्यावरचा खर्च लोकांच्या हिशेबातच नसतो. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्यायचं आणि जनऔषधीतून आणायचं, हे बीपी-शुगरपुरतं ठीक. पण मूत्रपिंड बदललेल्यांच्या टॅक्रोलिमसचा किंवा फिटच्या गोळीचा ब्रँड स्वतःहून बदलू नका, आधी डॉक्टरांना विचारा, असं तुम्ही दार अर्धं उघडून मागून ओरडून सांगायचात. रक्तातली पातळी जराशी हलली तरी चालत नाही, म्हणून.

ताई, आभार कशाचे मानायचे ते आम्ही आपसात ठरवत होतो. मोफत झालेल्या बिलांचे नाही, ते योजनेत होतंच. तुम्ही कुणालाही टेबलासमोर उभं ठेवलं नाहीत, त्याचे मानतो. तुमच्याकडे दोन खुर्च्या असायच्या, एक रुग्णाच्या माणसासाठी आणि एक त्याच्या कागदांच्या पिशवीसाठी. पिशवी मांडीवर धरून बसलेल्या माणसाला नीट ऐकू येत नाही, असं तुम्ही म्हणायचात.

तहसीलवार दाखल्यांची तुमची वही आम्ही झेरॉक्स करून घेतलीय. कुठल्या तालुक्यात कुठला कागद जास्तीचा मागतात, ते त्यात आहे. मूळ वही डाव्या ड्रॉवरमध्ये परत ठेवली आहे, नव्या मॅडमसाठी. हिरवी पेनं दोन शिल्लक आहेत. खुर्च्या हलवू देऊ नका एवढं जाता जाता त्यांना सांगाल ना?

आपले,
रुग्णमदतीचं काम करणारे आम्ही सगळे